वॉल्डनची हिशेबवही : थोरोला संशोधक म्हणून वाचताना



मागच्या वेळी आपण साहित्याचा आढावा कसा लिहायचा ते पाहिलं. आज एकच पुस्तक घेऊ आणि जरा खरवडून वाचू. त्याला कारण आहे. "शाश्वत जीवनशैली", "स्वयंपूर्ण घर", "परसबाग आणि कुटुंबाचा खर्च" अशा विषयांवरचे जे कच्चे सिनॉप्सिस माझ्याकडे वाचायला येतात, त्यांत पहिल्या-दुसऱ्या पानावर एक वाक्य हमखास सापडतं : "थोरो यांनी वॉल्डन येथे दोन वर्षे राहून स्वयंपूर्ण जीवन शक्य असल्याचे सिद्ध केले." आणि त्याखाली लगेच गृहीतक.

या एका वाक्यात तीन शब्द धोक्याचे आहेत : 'दोन वर्षे', 'स्वयंपूर्ण' आणि 'सिद्ध'. समोरच्या परीक्षकाने 'वॉल्डन' खरंच वाचलेलं असेल, तर व्हायवाला तुम्ही तिथेच अडकणार. आणि वाचलं नसेल तर वाक्य खपून जाईल, पण तुमच्या संशोधनाचा पाया पोकळ राहील. हे दुसरं जास्त वाईट.

पुस्तक मिळायला अवघड नाही. मराठीत दुर्गा भागवतांनी केलेला अनुवाद आहे, 'वॉल्डनकाठी विचारविहार'. अनुवादातून वाचा, मुळातून वाचा, पण 'इकॉनॉमी' हे पहिलं प्रकरण वगळू नका. ते पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण आहे आणि सुभाषितं वेचणारे लोक नेमकं तेच उडवून पुढे जातात. आपल्या कामाचं जे काही आहे ते तिथे आहे, कारण तिथे थोरो आकडे देतो.

आधी 'दोन वर्षे' निकालात काढू. हेन्री डेव्हिड थोरो मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी ४ जुलै १८४५ ला राहायला गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ ला परतला. पुस्तक छापलं गेलं १८५४ मध्ये. मधल्या काळात त्याने मजकूर पुन्हापुन्हा लिहिला. लिंडन शॅन्ली या अभ्यासकाने १९५७ मध्ये हस्तलिखितं तपासून सात खर्डे असल्याचं दाखवून दिलं. शिवाय सोयीसाठी दोन वर्षांचा अनुभव एका वर्षाच्या ऋतुचक्रात बसवल्याचं थोरो स्वतःच सांगतो. म्हणजे तुमच्या हातात आहे ती क्षेत्रकार्याची डायरी नव्हे. ती नऊ वर्षं घासूनपुसून तयार केलेली साहित्यकृती आहे. त्यात काही वावगं नाही. फक्त तिला 'प्राथमिक डेटा' म्हणताना थांबा.

आता वही उघडू.

घर १० फूट रुंद, १५ फूट लांब, एकच खोली. साहित्याचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. फळ्या, लाकडी कौलं, जुन्या खिडक्या, हजार जुन्या विटा, चुना, खिळे, कडी, अगदी एका सेंटचा खडूसुद्धा वेगळा लिहिलेला आहे. चुना महाग पडला, गिलाव्यात मिसळायचे केस गरजेपेक्षा जास्त आणले, असे शेरेही आहेत. हे वाचताना मला तरी फार बरं वाटतं. आजकालच्या किती अहवालांत "हे जास्त आणलं गेलं" असं कोणी लिहितं?

पण यादी नीट पाहा. लाकूड, दगड आणि वाळू यांची किंमत त्यात नाही. ती त्याने जागेवरूनच घेतली. जागा राल्फ वाल्डो इमर्सन या त्याच्या मित्राची, म्हणून जमिनीचं भाडं नाही. स्वतःची मजुरी नाही. आणि फळ्या? त्या आल्या जेम्स कॉलिन्स या आयरिश रेल्वे-मजुराच्या झोपडीतून. तळ्याजवळून नुकतीच फिचबर्ग रेल्वे गेली होती, तिच्यावर हा माणूस कामाला होता. थोरोने झोपडी सव्वाचार डॉलरला विकत घेतली, आणि ठरल्याप्रमाणे कॉलिन्स कुटुंबाने दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ती रिकामी केली. सकाळी रस्त्यात ते कुटुंब त्याला भेटलं, सगळा संसार एका मोठ्या गाठोड्यात. थोरो हे लपवत नाही, उलट रंगवून सांगतो. मात्र वहीत त्याची नोंद 'फळ्या' एवढीच होते.

शेती पहिल्या वर्षी अडीच एकर. मुख्यतः पांढरा घेवडा, थोडे बटाटे, मका, वाटाणा, सलगम. खर्च १४ डॉलर साडेबहात्तर सेंट. यातले साडेसात डॉलर नांगरट-कुळवणीचे, म्हणजे भाड्याची जोडी आणि माणूस. उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट. नफा ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. आणि या आकड्यावर तो म्हणतो की त्या वर्षी कॉन्कॉर्डमधल्या कुठल्याही शेतकऱ्यापेक्षा माझं बरं चाललं.

इथे पेन्सिल काढा. कॉन्कॉर्डमधल्या एकाही शेतकऱ्याचा ताळेबंद त्याने दिलेला नाही. तुलना आहे, पण तुलनेसाठी दुसरा गटच नाही. दुसरं म्हणजे मजुरी. घेवडा वाढत असताना आपण पहाटे पाच ते दुपारी बारा खुरपणी करत असू, असं तो लिहितो. रोजचे सात तास झाले. त्याच पुस्तकात दुसऱ्या एका ठिकाणी, घर बांधायला मजुराच्या आयुष्यातली किती वर्षं जातात हे मोजताना, त्याने एका दिवसाच्या श्रमाची किंमत एक डॉलर धरलेली आहे. हाच दर त्याच्या शेतीला लावा. नऊ दिवसांची खुरपणी धरली तरी नफा संपला. आणि सगळ्या ओळी एकापुढे एक ठेवल्या तर सात मैल भरतील एवढी लागवड नऊ दिवसांत खुरपून होत नाही, हे शेतीत हात घातलेला कोणीही सांगेल.

म्हणजे थोरो खोटं बोलतो का? नाही. तो 'नफा' हा शब्द रोख शिल्लक या अर्थाने वापरतो आणि आपण तो दुसऱ्याच अर्थाने वाचतो. गंमत म्हणजे शेतकऱ्याच्या घरची मजुरी खर्चात धरायची की नाही, हा वाद आपल्याकडे हमीभावाच्या निमित्ताने दरवर्षी होतो. ए-टू, एफएल, सी-टू हे शब्द ज्यांनी वाचले आहेत त्यांना हा मुद्दा समजायला वेळ लागणार नाही.

पुढचा हिशेब मला सगळ्यांत रंजक वाटतो. एकूण खर्च तो असा मांडतो : घर, एका वर्षाची शेती, आठ महिन्यांचं अन्न (८ डॉलर ७४ सेंट), आठ महिन्यांचे कपडे वगैरे, आठ महिन्यांचं दिव्याचं तेल वगैरे. बेरीज जवळजवळ ६२ डॉलर. जमा : शेतमाल २३ डॉलर ४४ सेंट आणि गावात केलेली जमीनमोजणी, सुतारकाम, रोजंदारी यांचे १३ डॉलर ३४ सेंट. एकूण ३६ डॉलर ७८ सेंट. तूट २५ डॉलरांच्या थोडी वर, आणि साधारण तेवढीच पुंजी घेऊन आपण सुरुवात केली होती, असं तो सांगतो.

एकाच तक्त्यात एक वर्ष आणि आठ महिने! हे तुम्ही केलंत तर गाईड वही परत करतील. म्हणून मी ते सारखं करून पाहिलं. अन्न, कपडे, तेल यांचा आठ महिन्यांचा खर्च १९ डॉलर १५ सेंटच्या आसपास आहे. त्याच दराने बारा महिन्यांचा काढला आणि शेतीचा खर्च मिळवला तर ४३ डॉलर ४५ सेंट होतात. रोजंदारीची कमाईही त्याच आठ महिन्यांतली आहे असं धरून तीही बारा महिन्यांवर नेली आणि शेतमालाचे पैसे मिळवले, तर जमेची बाजूही ४३ डॉलर ४५ सेंट. अगदी तोंडमिळवणी! हा माझा ताळा आहे, थोरोचा नव्हे. त्यात गृहीतकं आहेत आणि इतका चपखल मेळ बसणं हा योगायोगही असू शकतो. पण एवढं म्हणता येतं की रोजचा खर्च रोजच्या कमाईत भागत होता. न भागलेली गोष्ट एकच, घर. ते आधीच्या पुंजीतून आलं. ही पुंजी लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

'स्वयंपूर्ण' या शब्दाकडे वळू. थोरोने घेवडा पिकवला, पण तो त्याला खायला नको होता. घेवड्याच्या बाबतीत मी पायथागोरसचा चेला, असं विनोदाने सांगून त्याने तो दिला आणि बदल्यात तांदूळ घेतला. त्याच्या अन्नाच्या यादीत तांदूळ आणि काकवी या दोन सर्वांत मोठ्या रकमा आहेत, प्रत्येकी पावणेदोन डॉलरच्या आसपास. त्याखाली रायचं पीठ, मक्याचं पीठ, मैदा, साखर, डुकराची चरबी. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने नगदी पीक घेतलं आणि किराणा विकत आणला. यात 'शेतातून थेट ताटात' असं फारसं काही नाही.

बरं, हा तांदूळ आला कुठून? थोरो सांगत नाही. भारताच्या तत्त्वज्ञानावर इतकं प्रेम करणाऱ्याने भात खावा हे शोभतंच, अशी कोटी करून तो पुढे जातो. पण त्या काळात अमेरिकेत बाजारात येणारा तांदूळ मुख्यतः दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनारी मळ्यांवर पिकत असे, गुलाम केलेल्या माणसांच्या श्रमांवर. आणि हा तोच थोरो, जो वॉल्डनला राहत असतानाच, जुलै १८४६ मध्ये, गुलामगिरीला पाठिंबा देणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून एक रात्र तुरुंगात राहिला. त्याला दांभिक ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही. विशिष्ट पोतं कुठल्या मळ्यातलं होतं हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. मुद्दा एवढाच, की अतिशय काटेकोर, नैतिकदृष्ट्या जागा असलेला माणूससुद्धा वही लिहायला बसला की वस्तू दुकानात येण्याआधीचा भाग त्याच्या नजरेतून सुटतो. किमतीचा आकडा लिहिला की वाटतं, संपला हिशेब.

'शाश्वत' बद्दल तर आणखी मजेशीर माहिती पुस्तकातच पडून आहे. थोरोने या जमिनीत खत अजिबात घातलं नाही. कारणही देतो : जमीन माझी नाही, मी नुसता येऊन बसलेला. नांगरताना जुन्या झाडांचे बुंधे निघाले, ते जळणाला झाले, आणि बुंध्यांच्या जागी कसदार मातीची वर्तुळं उरली. त्या वर्तुळांत घेवडा जास्त जोमाने वाढला, इतका की उन्हाळाभर ती वर्तुळं ओळखू येत होती, असं त्याचं निरीक्षण आहे. इतकं सुंदर निरीक्षण करणारा माणूस त्यातून निघणारा प्रश्न मात्र विचारत नाही : मग हा कस परत कोण भरणार? कमी खर्चाचं आणि टिकाऊ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'वॉल्डन'मध्ये पहिलीचा पुरावा आहे, दुसरीचा नाही. सिनॉप्सिसमध्ये या दोन्ही एका दमात लिहिल्या जातात, म्हणून ही ओळ जाड अक्षरात काढून भिंतीवर लावा म्हणेन.

आता धुण्याकडे येऊ. हा मुद्दा तुम्ही कुठेतरी ऐकलाच असेल : "थोरोचे कपडे त्याची आई धूत होती!" सोशल मीडियावर दर काही महिन्यांनी हे फिरतं. रिबेका सॉल्निटने २०१३ मध्ये 'ओरायन' मासिकातल्या लेखात हा प्रश्न लोक इतक्या आवडीने का विचारतात याचाच शोध घेतला. कॅथरिन शुल्झने २०१५ मध्ये 'द न्यूयॉर्कर'मध्ये थोरोवर जोरदार टीका केली, तो लेखही वाचण्यासारखा आहे. पण मूळ वहीत काय आहे ते आधी पाहा. खर्चाच्या तक्त्यातच त्याने नोंद केली आहे की धुणं आणि कपड्यांची दुरुस्ती बहुतांशी घराबाहेर होत असे आणि त्यांची बिलं अजून आलेली नाहीत.

पुन्हा वाचा. बिलं अजून आलेली नाहीत. तो लपवत नाही. खर्च आहे हे त्याला कळतं, तो वहीत त्याच्यासाठी जागा ठेवतो, आणि रकाना रिकामा सोडतो. मला विचाराल तर 'वॉल्डन'मधली ही सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत बोलकी नोंद आहे. टीकाकार म्हणतात त्याने दडवलं, चाहते म्हणतात हा क्षुल्लक मुद्दा. दोघांनीही ती ओळ नीट वाचलेली नाही असं मला वाटतं. घराबाहेर ढकललेल्या कामाचं बिल कोणी पाठवतच नाही, म्हणून ते खर्चात येत नाही. घरगुती अर्थकारणावरच्या अर्ध्याअधिक अभ्यासांतली अडचण हीच आहे.

पर्यावरणाच्या अभ्यासात याला सिस्टिम बाउंडरी म्हणतात. मी साधं 'हद्द' म्हणते. हिशेब कुठे सुरू होतो, कुठे संपतो, कोणाचे हात आत धरले आणि कोणाचे बाहेर, हे आधी सांगायचं. जीवनचक्र मूल्यमापन करणाऱ्याला ते अहवालाच्या सुरुवातीलाच लिहावं लागतं. आपण घराचा अभ्यास करताना 'घर' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीतच आहे असं धरून चालतो.

थोरोच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. घरकामाला तो तुच्छ मानत नाही. स्वतः भाकरी भाजतो, यीस्टशिवाय ती होते का ते करून बघतो, सगळं सामान बाहेर गवतावर मांडून, जमिनीवर पाणी ओतून, तळ्याची पांढरी वाळू टाकून खराट्याने घासतो, आणि हे आनंदाने लिहितो. एकोणिसाव्या शतकातल्या पुरुष लेखकांत हे मुळीच नेहमीचं नव्हतं. पण ते एका खोलीचं, तीन खुर्च्यांचं, एका धडधाकट माणसाचं घरकाम आहे. घरात तान्हं मूल नाही, अंथरुणाला खिळलेलं कोणी नाही.

म्हणूनच माझा खरा आक्षेप धुण्यावर नाही. तो 'बेकर फार्म' या छोट्या प्रकरणावर आहे, आणि शोधनिबंधात थोरो वापरणाऱ्या प्रत्येकाने ते वाचायला हवं.

पावसात अडकलेला थोरो एका झोपडीत आसरा घेतो. तिथे जॉन फील्ड नावाचा आयरिश मजूर, त्याची बायको आणि मुलं राहतात. मोठा मुलगा बापाला कामात मदत करतो, सर्वांत लहान अजून मांडीवर आहे. फील्ड शेजारच्या शेतकऱ्याची दलदलीची कुरणं खणून देतो, एकराला दहा डॉलर आणि वर्षभर ती जमीन खतासह वापरायला. थोरो त्याला स्वतःचं उदाहरण देऊन समजावतो. मी चहा, कॉफी, लोणी, दूध, ताजं मांस घेत नाही, म्हणून मला त्यासाठी राबावं लागत नाही. तुम्ही हे घेता, म्हणून राबता, आणि राबता म्हणून जास्त खाता. तुम्ही साधं राहिलात तर उन्हाळ्यात सगळे मिळून मजेत रानात बेरी तोडायला जाल.

फील्ड उसासा टाकतो. बायको कमरेवर हात ठेवून बघत राहते. थोरोच लिहितो की, असं जगणं सुरू करायला आपल्याकडे भांडवल आहे का आणि ते निभावून न्यायला हिशेब येतो का, अशा विचारात ती दोघं पडलेली दिसली.

थोरो हे किंचित चेष्टेने लिहितो. पण त्या दोघांचा प्रश्न बिनतोड आहे, आणि त्याचं उत्तर थोरोच्याच वहीत आहे : हो, भांडवल लागतं. पंचवीस डॉलर लागले, शिवाय मित्राची जमीन, उसनी आणलेली कुऱ्हाड, आणि दीडेक मैलावर आईवडिलांचं घर. फील्डकडे यातलं काय होतं? शिवाय वाढत्या मुलांच्या घराने दूध सोडावं हा सल्ला एकट्या माणसाच्या अनुभवावरून दिलेला आहे. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर नमुना एक, तोही स्वतः निवडलेला, आणि निष्कर्ष लागू केला पूर्णपणे वेगळ्या परिस्थितीतल्या कुटुंबाला. वर्षातून सहा आठवडे काम केलं की भागतं, हे त्याचं वारंवार उद्धृत होणारं विधानही असंच तपासा. ते पाच वर्षांहून जास्त काळाबद्दल आहे, आणि त्या काळाची वही त्याने दिलेली नाही.

विशेष म्हणजे याच पुस्तकात, पुढे, थोरो त्याच जंगलात पूर्वी राहून गेलेल्या माणसांवर एक प्रकरण लिहितो. त्याच्या घेवड्याच्या शेताच्या कोपऱ्याला झिल्फा नावाच्या कृष्णवर्णीय बाईचं छोटं घर होतं. ती गावासाठी लिननचं सूत कातून पोट भरायची. १८१२ च्या युद्धात ती घराबाहेर असताना इंग्रज युद्धकैद्यांनी घर पेटवून दिलं. मांजर, कुत्रा, कोंबड्या सगळं जळालं. केटो इनग्राहम, ब्रिस्टर फ्रीमन ही पूर्वी गुलाम असलेली माणसंही त्याच भागात राहिली. एलिस लेमायर यांचं २००९ चं 'ब्लॅक वॉल्डन' हे पुस्तक याच इतिहासावर आहे. झिल्फाचं जगणं थोरोपेक्षा कितीतरी जास्त 'स्वयंपूर्ण' होतं. ती त्याला प्रयोग म्हणाली नसती. तिला तो थांबवून गावात परत जाण्याची सोय नव्हती. थोरो हे प्रकरण हळुवारपणे लिहितो, पण पहिल्या प्रकरणातला युक्तिवाद त्याच्या प्रकाशात पुन्हा तपासत नाही. ते काम वाचकावर सोडलं आहे, असं समजू.

आता तुमच्या सिनॉप्सिसकडे. थोरोच्या शेजारी आणखी एक पुस्तक ठेवा : तंत्रज्ञानाच्या इतिहासकार रुथ श्वार्ट्झ कॉवन यांचं 'मोअर वर्क फॉर मदर', १९८३. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिकेत घरात यंत्रं आणि नवी साधनं आली तेव्हा पुरुषांची आणि मुलांची कामं कमी झाली, बाईची झाली नाहीत. उघड्या चुलाणाच्या जागी लोखंडी शेगडी आली, जळण कमी लागू लागलं, लाकडं फोडणाऱ्याचं काम वाचलं. स्वयंपाक मात्र एकाच हंड्यात शिजणारा राहिला नाही, पदार्थ वाढले. योगायोगाने थोरोनेही दुसऱ्या हिवाळ्यात लाकूड वाचवायला लहान शेगडी घेतली. त्याला खंत वाटली ती विस्तवाचं रूप दिसेनासं झाल्याची. एकटा असल्यामुळे कॉवन यांचा प्रश्न त्याला पडलाच नाही.

हाच प्रश्न उलटा करा, आणि तुमचा विषय मिळाला. घर स्वयंपूर्णतेकडे परत न्यायचं ठरवलं की कोणती कामं परत येतात आणि कोणाच्या वाट्याला? ओला कचरा वेगळा काढणं, कंपोस्टचा डबा दर काही दिवसांनी हलवणं, त्यात किडे झाले की निस्तरणं, गच्चीवरच्या कुंड्यांना मे महिन्यात दोनदा पाणी, टोमॅटो सगळे एकदम पिकले की त्यांचं काय करायचं ते बघणं, रिठ्याचं पाणी, कापडी पिशव्या आणि गाळण्या धुणं. या प्रत्येक गोष्टीला मिनिटं लागतात. निर्णय घेणारा एक, मिनिटं देणारी दुसरी, आणि बऱ्याच फ्लॅटमध्ये तिसरी, जी पोळ्या-भांड्यांच्या पगारातच डबाही हलवून जाते.

हे हवेतलं बोलणं नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणात, घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. २०२४ च्या फेरीत हे आकडे २८९ आणि ८८ आहेत. याच २८९ मिनिटांवर आपण 'शाश्वत' ची भर घालणार असतो. भर किती पडते, ती कोण उचलतं, काही काम खरंच वाचतं का, हे मोजायला कालवापराची दैनंदिनी पुरते. बजेट नसलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यालाही ती परवडते. मात्र प्रश्नावली कुटुंबप्रमुखाकडून भरून घेऊ नका. घरातल्या प्रत्येकाकडून वेगळी घ्या, कामाला येणाऱ्या मावशींकडूनही, आणि शक्यतो दोन ऋतूंत घ्या. 'कुटुंब' हे एकक धरून एकच आकडा आणलात तर जे शोधायचं तेच त्या आकड्यात विरघळून जाईल.

मग 'वॉल्डन' सिनॉप्सिसमध्ये ठेवायचं की काढायचं? ठेवा. पण आढाव्यात, गृहीतकाच्या आधारासाठी नव्हे. ते वाक्य मी असं लिहीन : "थोरो (१८५४) यांनी एकट्या व्यक्तीच्या अल्पखर्ची जीवनाचा तपशीलवार ताळेबंद दिला आहे. मात्र त्यात जमिनीचे भाडे, स्वतःचे श्रम आणि घराबाहेर झालेले धुणे यांचे मूल्य धरलेले नाही." दोनच ओळी आहेत, पण परीक्षकाने पुस्तक वाचलं असेल तर तुमच्याबद्दलचं त्याचं मत तिथेच बदलेल.

आणि तक्ता करताना थोरोची एक सवय जरूर उचला. जो खर्च माहीत आहे पण मोजता आला नाही, त्याची ओळ खोडू नका. ती तक्त्यात राहू द्या, रकाना रिकामा ठेवा, आणि खाली लिहा : बिल अजून आलेलं नाही.